कोयीची पाचर

२ एप्रिल १९९५, रविवार

नवी वही, नवं गाव, नवी नोकरी. काल घरी गुढी उभारली, आईच्या हातच्या पुरणपोळ्या चेपल्या आणि रात्रीची एसटी धरली. सकाळी वाशीला उतरलो तेव्हा पिशवीतल्या साखरेच्या गाठी वितळून शर्टाला चिकटल्या होत्या. शकुन गोड झाला म्हणायचं.

पावणे गावच्या एमआयडीसीत लोणच्याचा कारखाना, हुद्दा सुपरवायझर. दोन महिने कच्चा. काम बघून एकतीस मेला पक्कं करणार. मालक हौसेराव आमच्या कोरेगावकडचे, म्हणून चिठ्ठी चालली. डिप्लोमा होऊन पाच वर्षं झाली, आधीच्या दोन नोकऱ्यांतून हात हलवत परत आलो. या खेपेला गावात सांगून आलोय की सुधीर पक्का झाल्याशिवाय तोंड दाखवणार नाही.

खोली बोनकोडे गावात. घरमालक वामन म्हात्रे. शेती सगळी सिडकोत गेली, आता ओटीवर बसून त्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटची वाट बघतात. त्यांची बायको पुतळाबाई आमच्याच कारखान्यात कैऱ्या कापते. मुलगा न्हावा शेव्याला बंदरावर असतो, आठवड्यातून एकदा येतो. सून नमिता घरी. जेवणही त्यांच्याकडंच. आज कोलंबीचं कालवण होतं, मी भात तीनदा मागितला. पुतळाबाईंच्या उजव्या हाताच्या अनामिकेत तांब्याचं वेढं आहे, वाढताना ते ताटाला टणकन लागतं. लग्नात घातलेलं, आता निघतच नाही म्हणाल्या. माझ्या बोटाला बघून हसल्या. हे पेन गळतं, त्यामुळं पहिल्या बोटाचं नख कायम निळं. आई म्हणते, तुझा निकाल लागायच्या आधी तुझं बोट पास झालंय.

५ एप्रिल, बुधवार

कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. फाटकातच हिंग-मोहरी नाकात शिरते. सकाळी सहाला मार्केटातून कैरीचा टेम्पो येतो. बत्तीस बाया गोणपाटावर दोन रांगांत बसतात, प्रत्येकीपुढं लाकडी पाटावर बसवलेला मोठा अडकित्ता. कैरी ठेवली, मूठ दाबली, कोयीसकट चार फोडी. हात चालू, तोंडही चालू. गाणी म्हणतात, एकमेकींच्या सासवा काढतात, आणि हाताकडं कुणी बघत नाही. पुतळाबाई सगळ्यांत वेगवान. फोडी मग पिंपात जातात, त्यांना हळद-मीठ लागतं, नंतर मसाला, तेल, आणि शेवटी बरण्या. दर महिन्याच्या दहा तारखेला पगाराबरोबर प्रत्येकाला अर्ध्या किलोची एक बरणी मिळते.

मालकांचा एक नियम कुठं लिहिलेला नाही पण सगळ्यांना पाठ आहे. जिची अडचण असेल तिनं चार दिवस फाटकाच्या आत यायचं नाही, पगार मिळणार नाही. हात लागला तर लोणचं नासतं म्हणे. कोण कधी बाहेर बसली याची वही आता माझ्याकडं आली आहे. बायका ती वही बघून पदर सावरतात. मला आधी हसू आलं, मग जरा मोठं झाल्यासारखं वाटलं.

१४ एप्रिल, शुक्रवार

आज इकडची साप्ताहिक सुट्टी, तरी आम्ही सगळे हजर, कारण मशीन आलं. फोडी करायचं मशीन. स्टीलचं टेबल, त्यात कैरी ठेवायच्या सहा वाट्या, वर हवेच्या दाबानं उतरणारी पात्यांची चौकट. चौकट खाली आली की सहा कैऱ्यांच्या चोवीस फोडी थेट पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून पिंपात. बाजूला फेरे मोजणारा आकडा. दोन बटणं आहेत, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबली तरच पातं उतरतं, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात.

हौसेरावांनी नारळ फोडला आणि म्हणाले, "हिला अडचण येत नाही, बाळंतपण येत नाही, आणि ही गाणीबी म्हणत नाही." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं.

बत्तीसातल्या सातच ठेवायच्या. यादी मी केली. अर्ध्या तासात पंचवीस नावांवर रेघ ओढली, तेवढ्यात चहासुद्धा गार झाला नाही. बाया फाटकाशी उभ्या होत्या. एक म्हणाली, हितं माझी नऊ वर्षं गेली. मी म्हणालो, मशीनला वर्षं कळत नाहीत. वाक्य बरं जमलं. पुतळाबाईंना मशीनवर बसवलं. रात्री ताटात तळलेली सुरमई आली. कामापुरता मामा मीही आणि त्याही, चालायचंच.

२४ एप्रिल, सोमवार

हौसेराव आठवडाभर तोंड फुगवून होते. विकणाऱ्यानं पाळीला एक टन सांगितलं होतं, आम्ही सहाशे किलोवर अडकलो. दोष त्या दोन बटणांचा. वाट्या भरायच्या, हात बाहेर काढायचे, दोन्ही बटणं दाबायची, पुन्हा आत हात. निम्मा वेळ हातांच्या येरझारांत.

युक्ती मला सुचली. कैरीच्या कोयीचा एक कठीण तुकडा तासला आणि उजव्या बटणाच्या फटीत पाचर मारली. बटण दाबलेलंच राहिलं. आता पुतळाबाई उजव्या हातानं कैऱ्या भरतात आणि डाव्यानं एकच बटण दाबतात. आज साडेनऊशे किलो!

फिटर कोंडिबा बघत होता. म्हणाला, "साहेब, ते बटण कामासाठी नाही, हातासाठी आहे. पाचर काढा." मी त्याला म्हणालो, तू पाना सांभाळ. पुतळाबाईंनीही पहिल्यांदा हात मागं घेतला होता. भाऊला त्या भाव म्हणतात. "अकरा वरसं अडकित्ता चालवला, बोटाला कदी लागला नाय. यो भरवशाचा हाय ना, भाव?" मी म्हणालो, मी आहे ना. तेवढ्यावर बसल्या. हौसेरावांनी पाठीवर थाप मारली, म्हणाले, एकतीस तारखेचं पत्र टाइप करून ठेवतो.

२ मे, मंगळवार

बारा वाजून दहा मिनिटं. घड्याळ मी त्याच क्षणी बघत होतो, कारण बाराची जेवणाची सुट्टी झाली तरी तीस फेरे राहिले होते आणि मी पुतळाबाईंच्या मागं उभा राहून घाई करत होतो. त्यांचा उजवा हात एक कैरी सरळ करत होता. डावा हात सवयीनं बटणावर गेला. आवाज नेहमीचाच आला. पुतळाबाई हात तोंडासमोर धरून बघत राहिल्या. मधलं बोट, अनामिका, करंगळी.

टेम्पोत घालून त्यांना दवाखान्यात पाठवलं. तिथून निरोप आला की बोटं शोधून बर्फात घालून लगेच आणा. ती पट्ट्यावरून पिंपात गेली होती. पिंपात चारशे किलो फोडी, हळद-मीठ लागलेल्या, आणि पिंप फिरतच होतं. मी आणि कोंडिबा काखेपर्यंत हात घालून चाचपत राहिलो. मिठानं कातडी पेटली. मधलं बोट सापडलं, करंगळी सापडली. वेढ्याचं सापडेना.

हौसेराव आले, पिंपात वाकून बघितलं आणि म्हणाले, "सगळ्या फोडीच दिसतायत. मसाला घाला." मी म्हणालो, पिंप ओतून देऊ. त्यांनी शांतपणे विचारलं, एकतीस तारीख लक्षात आहे ना? अडचणीच्या बायकांना लोणचं नासतं म्हणून फाटकाबाहेर ठेवणारा माणूस. मी मसाल्याच्या डब्याचं झाकण काढलं. बॅच एक्केचाळीस.

बोटं बसली नाहीत. फार उशीर झाला म्हणाले.

४ मे, गुरुवार

जबाब मी लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे. 'सदर कामगार महिलेने स्वतःच्या सोयीसाठी बटणात पाचर मारली. सुपरवायझरने वारंवार मनाई केली होती.' हौसेराव म्हणाले, आता भरपाईचा प्रश्नच येत नाही.

कागद दवाखान्यात मीच घेऊन गेलो. पुतळाबाईंना वाचता येत नाही. उजवा हात बँडेजात, म्हणून डावा अंगठा. तो मी माझ्या हातानं शाईच्या डबीवर दाबला आणि कागदावर टेकवला. त्यांनी विचारलं, काय लिवलंय. मी म्हणालो, मदत मिळावी म्हणून अर्ज आहे. उलट त्यांनीच मला जिवाला जपा म्हटलं, मी थकलेला दिसत होतो म्हणून. पाचर माझ्या खिशातच होती. येताना ती नाल्यात फेकली.

लाज वाटते. पण गावात कुठल्या तोंडानं जाऊ?

८ मे, सोमवार

हौसेरावांनी उदारपणा दाखवला. सासूच्या जागेवर सुनेला घेतलं. नमिता त्याच टेबलाशी, त्याच स्टुलावर. घरात जेवायची तोंडं आहेत, ती नाही कशी म्हणेल? मी तिला बजावलं, दोन्ही हातांनी दोन्ही बटणं. पाचर आता नाहीच.

पावणेबाराला सहज बघितलं तर पाचर उजव्या बटणात. तीच. मी चाकूनं तासलेली कड ओळखतो. कोंडिबानं खंडोबाची शपथ घेतली की त्यानं हात लावलेला नाही. मी ती काढली, हातोड्यानं फोडली, चुरा संडासात टाकला.

बारा दहाला शेडमध्ये कुणी नव्हतं, सगळ्या जेवायला गेलेल्या. मी टेबलापासून दहा पावलांवर. पातं एकदा उतरलं. रिकाम्या वाट्यांवर. आकडा एकानं पुढं गेला.

हवेचा दाब असेल.

१० मे, बुधवार

पगार झाला. बरण्या वाटल्या. बॅच एक्केचाळीस. मी माझी बरणी येताना मार्केटच्या कचऱ्यात टाकून आलो.

पुतळाबाई कालच घरी आल्यात. हाताला पांढरं गाठोडं. नमितानं तिची बरणी आणून फळीवर ठेवली. रात्री ताट पुतळाबाईंनीच वाढलं, डाव्या हातानं, भात सांडत. भाताशेजारी एक फोड ठेवली. "जेवा, भाव. लोनचा आपले कारखान्याचाच हाय." त्या समोर बसून राहिल्या. खाल्ली. काय करणार?

चव चांगली होती. हे लिहायला नको होतं.

१६ मे, मंगळवार

वाशीचा व्यापारी मालकांकडं आला होता. एक्केचाळीस नंबरचा माल उडाला म्हणाला, गिऱ्हाईक तीच चव मागतंय. हौसेराव मला विचारतात त्या पिंपात वेगळं काय घातलं होतं. विचारताना हसतात. त्यांना माहीत आहे.

पाचर रोज परत येते. जाळली. खाडीत फेकली. सकाळी बटण मोकळं असतं, पावणेबाराला ती तिथं. आणि बारा दहाला पातं उतरतं, कुणी दाबो न दाबो. मी रोज बाराच्या ठोक्याला नमिताला जेवायला हाकलतो. तिला वाटतं मी भला माणूस आहे.

मशीन बंद करा असं सांगायचं तर कारण सांगावं लागेल. कारण सांगायचं तर जबाब खोटा ठरतो. फक्त पंधरा दिवस. पत्र हातात आलं की सगळं बोलेन.

२० मे, शनिवार

पाचरीला कोंब फुटलाय. कच्च्या कैरीची कोय, तीही तासलेली, कोंब कसा येईल? तीन पानं. आंब्याची कोवळी पालवी असते तशी लालसर. मी ती खुडली तर बोटांना ओल लागली.

मालकांना दाखवलं. ते म्हणाले मला काही दिसत नाही. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं, हे मी म्हणालो का मनात म्हणालो, आठवत नाही.

रोज एक फोड. पुतळाबाई समोर बसतात. बरणी निम्मी झाली.

२४ मे, बुधवार

बरणीच्या तळाचं तेल हिरवं झालंय. आंबटात तांबं राहिलं की असंच होतं, आई कलईच्या वेळी सांगायची.

आठशे बरण्या भरल्या होत्या. आठशे. त्यातली हीच कशी या घरात?

खोली सोडतो म्हणालो. वामनशेठ म्हणाले, सोडा की, पण जेवून जा. पुतळाबाईंनी ताट मांडलं. फोड ठेवली.

२७ मे, शनिवार

दाताखाली कडक लागलं. कोय नव्हे.

तोंडातून काढून तळहातावर घेतलं. हिरवं पडलेलं वेढं. त्यात— नाही. वेढंच. बाकीचं मी आधीच—

पुतळाबाईंनी उजवा हात माझ्यापुढं धरला. बँडेज काढलेलं. अंगठा आणि एक बोट. म्हणाल्या, "घाला, भाव. ज्या बोटातला हाय त्याच बोटात घाला."

मी ते त्यांच्या तळव्यावर ठेवलं. रडलो. सगळं सांगितलं, पाचर, जबाब, अंगठा, सगळं. त्यांना ठाऊक होतं. कोंडिबानं दवाखान्यातच सांगितलं होतं. आणि तरी घरी आल्यापासून रोज त्या मला जेवायला वाढत होत्या.

त्या एवढंच म्हणाल्या, "एकतीस तारखेला कागद घ्या, मंग सरकारी सायबापुढं खरा बोला. तवर नमिताचा हात तुमचे हवाली हाय." मी वेढ्यावर हात ठेवून शब्द दिला.

३१ मे, बुधवार, सकाळ

पत्र मिळालं. अकराला. पक्का. हौसेरावांनी पेढा भरवला. आईला तार करायची.

आज साडेबाराच्या आत सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येतोय. कुणीतरी अर्ज केलाय. कोंडिबाच. हौसेराव म्हणाले, जबाबाला चिकटून रहा.

चिकटून राहणार. शब्द दिला होता तो— पत्र आजच आलंय, आजच कसं फाडू? पुढच्या महिन्यात बोलेन. नमिताला बाराला हाकलली की झालं. पाचर काढून खिशात घालायची, एवढंच काम—

६ जून

डाव्या हातानं. अक्षर बालवाडीतलं.

इन्स्पेक्टर दारात होता. बारा आठ, बारा नऊ. नमिता जेवायला गेलेली. पाचर बटणात. पानं मोठी झालेली. मी उपटली. मुळं खोल, हाताला गुंडाळली. सुटली आणि वाटीत पडली. पात्याखाली.

इन्स्पेक्टर आत येत होता. दिसली असती. मी हात घातला.

दोन्ही बटणं मोकळी होती. मी शपथेवर सांगतो. मोकळी.

आवाज नेहमीचाच.

७ जून

चार गेली. तीन सापडली. पहिलं नाही.

हौसेराव पिंपात वाकून बघत होते, मला दिसलं, जमिनीवरून. म्हणाले, सगळ्या फोडीच आहेत.

जबाब दुसऱ्या सुपरवायझरनं लिहिला. नवीन आहे. अक्षर चांगलं. 'सदर इसमाने स्वतःच पाचर मारली.' खरंच आहे. डावा अंगठा घेतला. पक्क्या नोकरीचं पत्र परत मागितलं. घडी घालून हौसेरावांनी खिशात ठेवलं.

पुतळाबाईंनी घरी आणलं. म्हणाल्या, गावाला कुठं जाल असे?

९ जून

घास त्या भरवतात. डाव्या हातानं. वेढं आता त्या हातात.

ताटाला टण वाजतं.

१० जून

आज बरण्या वाटल्या. नमितानं एक आणली. बॅच बहात्तर.

ती सांगत होती— व्यापारी खूश— पुन्हा तीच चव—

नको म्हणालो. दार पुढं केलंय. वामनशेठ ओटीवरून आत आले, बसले.

पुतळाबाईंनी पळी घातली. "मी माजा बोट रोज शोधला, भाव. आता तुमी तुमचा शोधा."

एक फोड. दुसरी फोड. तिसरी—

फोड नाही. हळदीनं पिवळं. टोकाला नख. नखात निळी शाई. या वहीची—

भाताशेजारी ठेवलं. म्हणतात, अन्न टाकायचा नाय.

नमिता माझा हात धरतेय. वामनशेठ मान. लिहू द्या म्हणालो, एवढं लिहू— तोंड उघडा म्हणतायत, टण, ताटाला, आई मी पक्का झा